विममध्ये एच-जे-के-एल वापरूनही कर्सर सावकाशच हलतो, काय चुकतंय?

तुम्ही विचारलंय की दोन आठवडे झाले विम हा टेक्स्ट एडिटर शिकताय, अ‍ॅरो की पूर्ण सोडून एच-जे-के-एल (डावीकडे, खाली, वर, उजवीकडे) वापरताय, तरी काम आधीपेक्षा सावकाशच होतंय. अहो, फक्त तेवढ्यानं स्पीड वाढतच नाही. बिल जॉयनं १९७६ च्या सुमारास व्हीआय, म्हणजे विमचा पूर्वज, लिहिलं ते एडीएम-३ए टर्मिनलवर, त्या कीबोर्डला वेगळ्या अ‍ॅरो की नव्हत्या, बाण याच चार अक्षरांवर छापलेले होते, म्हणून ही अक्षरं आली. एकेक अक्षर सरकायचंच असेल तर एल दाबा नाहीतर बाण, सारखंच.

खरी सवय म्हणजे सरकत न जाता थेट उडी मारायची. आपली नजर जिथे जायचंय तिथे आधीच पोचलेली असते, कर्सरला फक्त तिथली खूण सांगायची. समजा ओळ अशी आहे:

एकूण = हिशोब(दर, नग, सूट)

कर्सर ओळीच्या सुरुवातीला आहे आणि कंसातलं सगळं बदलायचंय. एफ म्हणजे ओळीत पुढे ते अक्षर जिथे असेल तिथे उडी; एफ दाबून लगेच उघडा कंस दाबा, कर्सर कंसावर. मग सी, आय आणि परत तोच कंस, की आतलं सगळं जातं आणि तुम्ही इन्सर्ट मोडमध्ये, म्हणजे लगेच टाइप करायला मोकळे. पाच की, बस्स.

लांब जायचं असेल तर मी सरळ स्लॅश (शोध) दाबतो, शब्दाची तीन-चार अक्षरं आणि एंटर, पुढच्या ठिकाणी जायला एन. आणि परत यायला कंट्रोल-ओ, हे बरेच जण शिकतच नाहीत पण मला सगळ्यात जास्त तेच लागतं, कारण वरचं फंक्शन बघून यायचं आणि जिथं होतो तिथं परत लिहायला लागायचं हे दिवसभर चालूच असतं. जवळच्या ओळींसाठी रिलेटिव्हनंबर सेट करून ठेवा, म्हणजे प्रत्येक ओळ कर्सरपासून किती दूर आहे तो आकडा बाजूला दिसतो; खालच्या ओळीला ७ दिसला की ७ आणि जे.

मराठी टाइप करत असाल तर एक लक्षात ठेवा, एस्केप दाबून टाइप करणं थांबवलं की कीबोर्ड इंग्रजीवर आणायचा, नाहीतर कमांडच्या जागी देवनागरी अक्षर जातं आणि विम ढिम्म हलत नाही. मी यापायी जाम वैतागलो होतो.

सगळं एकदम घेऊ नका. पहिला आठवडा फक्त एफ आणि कंट्रोल-ओ, बोटांना ते न विचारता यायला लागलं की मग स्लॅश घ्या, आणि तोवर मधेअधे अ‍ॅरो की दाबली गेली तरी काही बिघडत नाही.