कपाळावरची राख पुसावी का?

प्रश्न : राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावर राख घेऊन सकाळच्या मिस्साहून (चर्चमधील उपासनेहून) मी तशीच लोकल पकडून कामावर जाते. यंदा शेजारी बसणाऱ्या सहकारिणीने ‘हा कुठला अंगारा?’ असे विचारले आणि मला नीट उत्तर देता आले नाही. त्याच मिस्सात वाचलेल्या शुभवर्तमानात तर प्रभू येशू सांगतो की, उपवास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, म्हणजे तुमचा उपवास लोकांना दिसणार नाही. मग आपण राख कपाळावर का मिरवतो? चर्चबाहेर पडताच ती पुसावी का? शिवाय माझ्या ७२ वर्षांच्या सासूबाईंना मधुमेह आहे, तरी त्या दिवशी त्या एकदाच जेवण्याचा हट्ट धरतात. त्यांना काय सांगावे?
– एक वाचक, वसई

उत्तर : तुम्हाला जाणवलेली विसंगती खरी आहे आणि ख्रिस्तसभेने ती लपवलेलीही नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२ ते १९६५ दरम्यान भरलेल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनंतर) मिस्सातील वाचनांची नव्याने मांडणी झाली, तेव्हाही मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील हे वचन या दिवसासाठी कायम राहिले. दान, प्रार्थना आणि उपवास या तिन्ही बाबतींत प्रभूचा आक्षेप आहे तो प्रेक्षक जमवण्यावर. राख मात्र ‘मी उपवास करतो’ असे सांगतच नाही. ‘तू माती आहेस आणि पुन्हा मातीला मिळशील’ हे शब्द ऐकत आपण ती घेतो, किंवा त्याऐवजी ‘पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा’ हे शब्द उच्चारले जातात. या दोन्हींत मिरवण्याजोगे काय आहे? स्वतःच्या मरणाची आणि पापाची कबुली कपाळावर घेऊन कुणी भाव खाऊ लागला, तर तो दोष त्या राखेचा नव्हे.

ही राख येते कुठून, तेही पाहण्यासारखे आहे. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) ‘होसान्ना’ असा जयजयकार करत आपण ज्या झावळ्या हाती धरल्या, त्याच घरच्या क्रुसामागे वर्षभर वाळतात आणि या बुधवारापूर्वी जाळल्या जातात. म्हणजे आपल्या कपाळावर लागते ती आपल्याच जयजयकाराची राख. ती लावताना धर्मगुरूंच्या अंगठ्याला कधी कमी लागते, कधी जास्त, त्यामुळे कुणाच्या कपाळी ठळक क्रूस उमटतो, कुणाच्या नुसताच डाग, आणि चार कण हमखास नाकावर सांडतात. रांगेत आईच्या कडेवर तीन महिन्यांचे मूल असते, त्यालाही तेच शब्द ऐकवले जातात. ते ऐकताना माझ्या तरी पोटात दर वर्षी गलबलते.

पूर्वी ही राख सर्वांसाठी नव्हती. बायबलमध्ये ईयोब राखेत बसला, निनवेचा राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसला. त्याच परंपरेतून पहिल्या काही शतकांत उघड आणि गंभीर पाप केलेल्यांना प्रायश्चित्तासाठी राख दिली जात असे. अकराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती सगळ्याच भाविकांनी घेण्याची प्रथा रुळली आणि ‘ते पापी, आपण नव्हे’ ही सोयीची रेघ पुसली गेली. रोममध्ये सांता सबिना बॅसिलिकेत पोपही त्या दिवशी दुसऱ्याच्या हातून राख घेतात. तिथे ती कपाळाला न लावता माथ्यावर भुरभुरवतात, त्यामुळे बाहेर पडल्यावर कुणाला दिसतही नाही. कोरोनाच्या साथीत, २०२१ साली, व्हॅटिकनने सर्वत्र तशीच ती द्यावी असे सुचवले होते.

तेव्हा राख दिसलीच पाहिजे असा नियम नाही आणि पुसली तर पाप लागते असेही नाही. ती संकोचाने पुसावीशी वाटली, तर थोडा वेळ राहू द्या. दाखवावीशी वाटली, तर खुशाल तोंड धुवा. लोकलच्या घामात दहा वाजेपर्यंत तिचे काय उरते, ते तुम्ही जाणताच. सहकारिणीला मात्र सांगा की, अंगारा बहुधा कृपा किंवा रक्षण म्हणून लावतात, आमची राख मरणाची आठवण म्हणून. भस्मातला नश्वरतेचा अर्थ तिच्या परिचयाचा असेल, तर अर्धे उत्तर तिलाच सापडेल.

आता सासूबाईंविषयी. उपवासाचे बंधन १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंतच असते. एकदा पोटभर जेवण आणि दोनदा अल्प आहार, असे त्याचे स्वरूप आहे. मांस वर्ज्य करण्याचा नियम १४ वर्षे पूर्ण झाल्यापासून लागू होतो. (मासे चालतात, पण त्या सवलतीवर पापलेटचे बेत आखणाऱ्यांविषयी न बोललेले बरे.) सासूबाई वयाने त्या बंधनातून तेरा वर्षांपूर्वीच मोकळ्या झाल्या आहेत, आणि आजाऱ्यांना तर कोणत्याही वयात सूट आहे. मधुमेहाच्या गोळ्या घेऊन उपाशी राहिल्यास साखर एकदम उतरू शकते. प्रायश्चित्तकाळात त्यांना काही सोडायचेच असेल, तर ते अन्नच असावे असे नाही. तुमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी हे स्वतः त्यांना सांगितले, तर सुनेपेक्षा त्यांचे त्या लवकर ऐकतील.