वाचकांचे प्रश्न: पगारातून 24 टक्के कपात कशी?

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका असून माझी नेमणूक 2005 नंतरची असल्याने मला राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना लागू आहे. माझ्या पगारपत्रकात एनपीएसच्या नावाने दोन रकमा वजा झालेल्या दिसतात आणि त्यांची बेरीज 24 टक्क्यांवर जाते. शासनाचा हिस्साही माझ्याच पगारातून कापला जातो का? शाळेतले ज्येष्ठ सहकारी सांगतात, की पेन्शनसाठी त्यांचा एक रुपयाही कधी कापला गेला नाही. (एक शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर: नाही, शासनाचा हिस्सा आपल्या खिशातून जात नाही. पगारपत्रकाची डावी बाजू, म्हणजे देय रकमांची बाजू, एकदा नीट पाहावी. शासनाचा हिस्सा तेथे आधी जमेस धरलेला असतो आणि तोच उजवीकडे वजा होतो. समजा, मूळ वेतन 40,000 रुपये आणि महागाई भत्ता 20,000 रुपये आहे. या 60,000 रुपयांवर आपले अंशदान 10 टक्के, म्हणजे 6,000 रुपये होते, तर शासनाचे 14 टक्के, म्हणजे 8,400 रुपये. हाती येणारा पगार कमी होतो तो 6,000 रुपयांनीच. निवृत्तीच्या खात्यात मात्र 14,400 रुपये जातात. घरभाडे भत्ता या हिशेबात धरत नाहीत, महागाई भत्त्याची थकबाकी मात्र धरतात. शासनाचा हिस्साही पूर्वी 10 टक्केच होता. केंद्राने तो 1 एप्रिल 2019 पासून 14 टक्के केला आणि महाराष्ट्रानेही तोच दर स्वीकारला.

आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणेही खरे आहे. 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी राज्याच्या सेवेत आलेल्यांचे निवृत्तिवेतन शासनाच्या तिजोरीतून मिळते आणि त्यासाठी अंशदान द्यावे लागत नाही. त्यांच्या पगारातून जी जीपीएफची, म्हणजे सर्वसाधारण भविष्य निर्वाह निधीची, कपात होई, ती त्यांची स्वतःची बचत होती आणि व्याजासह त्यांनाच परत मिळे. आपल्या योजनेत कपातीचा दर ठरलेला आहे, निवृत्तिवेतनाचा आकडा नाही. तो जमलेल्या रकमेवर, तिच्या गुंतवणुकीच्या परताव्यावर आणि निवृत्तीच्या वेळच्या वार्षिकीच्या, म्हणजे जमा रक्कम विमा कंपनीला देऊन मिळणाऱ्या नियमित निवृत्तिवेतनाच्या, दरावर अवलंबून राहतो. फार लहान रकमा वगळता, नियत वयोमानाने निवृत्त होताना किमान 40 टक्के रकमेची वार्षिकी घ्यावीच लागते; उरलेली 60 टक्क्यांपर्यंतची रक्कम एकरकमी व करमुक्त मिळते.

म्हणूनच 24 टक्क्यांच्या कोड्यापेक्षा, कापलेली रक्कम खात्यात पोहोचली का, ही चौकशी अधिक महत्त्वाची आहे. आहरण व संवितरण अधिकाऱ्याने, म्हणजे पगार काढून वाटणाऱ्या अधिकाऱ्याने, रक्कम वजा केल्यावर ती पुढे विश्वस्त बँकेकडे जाते, आपल्या प्रान क्रमांकाशी, म्हणजे एनपीएसच्या कायम खाते क्रमांकाशी, जुळवली जाते आणि त्या दिवसाच्या भावाने तिच्यातून गुंतवणूक निधीची युनिट्स घेतली जातात. मधल्या टप्प्यावर रक्कम अडकली, तर पगारपत्रकात कपात दिसते, पण युनिट्स वाढत नाहीत आणि तेवढ्या काळाचा परतावा बुडतो. प्रान खात्याचे व्यवहार विवरण उतरवून घ्यावे आणि पगारपत्रके शेजारी ठेवून महिनावार खुणा कराव्यात. दोन्ही हिस्से स्वतंत्र दाखवलेले असतात, त्यामुळे एखाद्या महिन्याचा एकच आला असेल तर लगेच कळते. विनावेतन रजेच्या महिन्यांत पगारच नसल्याने सर्वसाधारणपणे दोन्ही हिस्से नसतात. ते महिने गहाळ समजू नयेत. आपली कपात आधी परिभाषित अंशदान योजनेत, म्हणजे डीसीपीएसमध्ये होत असेल, तर ती शिल्लक व्याजासह वर्ग झाली का, हेही पाहावे. तफावत आढळल्यास तोंडी विचारणेवर समाधान मानू नये. महिना, रक्कम आणि प्रान क्रमांक लिहून गटशिक्षणाधिकारी कार्यालयात अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. नामनिर्देशनही त्याच वेळी तपासावे. लग्नाआधी लिहिलेले नाव अनेकांच्या खात्यावर तसेच राहून जाते.

प्रश्न: नवी करप्रणाली स्वीकारली तर एनपीएसच्या कपातीवर प्राप्तिकरात सवलत मिळते का? (एक लिपिक, नांदेड)

उत्तर: स्वतःच्या 10 टक्के अंशदानावर मिळत नाही. जुन्या प्रणालीतील 50,000 रुपयांची जादा वजावटही नव्या प्रणालीत नाही. शासनाच्या 14 टक्के हिश्श्याची वजावट मात्र दोन्ही प्रणालींत मिळते. हा हिस्सा आधी आपल्या उत्पन्नात मिळवला जातो आणि मग वजा होतो. फॉर्म 16 मध्ये, म्हणजे कार्यालयाकडून मिळणाऱ्या पगार व करकपातीच्या प्रमाणपत्रात, मिळवणी दिसली आणि वजावट दिसली नाही, तर विवरणपत्र भरण्यापूर्वी तो दुरुस्त करून घ्यावा.