फुटबॉल कोचला लिंक्डइन आणि स्मार्टवॉचची खरंच गरज असते का?

तुम्ही शाळेत क्रीडाशिक्षक आहात, नुकतंच डी लायसन्स, म्हणजे कोचिंगचं सुरुवातीचं लायसन्स, झालंय. मित्र म्हणतात लिंक्डइनवर ये, चांगलं घड्याळ घे. तुमचे जुने सर म्हणतात मोबाईल घरी ठेवून मैदानात ये. कुणाचं ऐकू, असं तुम्ही विचारलंय. मी कोल्हापुरात मुलींना फुटबॉल शिकवते, यंदा १९ वर्षं होतील. दोन्ही बाजूंचं ऐकून मी तोंडावर पडलेली आहे, तेव्हा सांगते.

आधी मी तुमच्या सरांच्याच पार्टीत होते. आमच्या घरी दिवाळीच्या चिवड्याचा एक मोठा स्टीलचा डबा होता, सासूबाईंचा. तो मी स्कूटीवर पायांपाशी ठेवून मैदानात आणायचे. पोरी आल्या की फोन डब्यात, झाकण बंद. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि वर्षभरात तो डबा पुरेना. पालकांच्या मीटिंगमध्ये मी ठणकावून सांगितलं होतं, ‘जिच्या हातात मोबाईल, तिच्या पायात बॉल राहणार नाही.’ टाळ्या पडल्या. हे वाक्य पोरी मला अजून ऐकवतात, खास करून मी व्हिडिओ काढायला लागले की.

आणि नेटवर्किंग? कोल्हापूरचा फुटबॉल तोंडीच चालतो हो. कुठल्या तालमीनं (इथं फुटबॉलचे संघ तालमींचे असतात) कुणाला घेतलं, कुणाचा घोटा सुजलाय, हे पेठेत चहाच्या गाड्यावर सकाळी आठला कळतं. शाहू स्टेडियमवर मोठी मॅच असली की अख्खी पेठ कोच असते. अशा गावात ओळखी वाढवायला वेबसाइट लागते, हे मला चेष्टेचं वाटायचं. पण गाड्यावरचं ते नेटवर्क पुरुषांचं होतं, हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं. मी तिथं जाऊन उभी राहिले की सगळे ‘या मॅडम’ म्हणायचे, चहा सांगायचे आणि विषय बदलायचे.

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं तेव्हा पहिल्यांदा मी हत्यार टाकलं. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज एक ड्रिल पाठवायचे आणि पोरी व्हिडिओ परत पाठवायच्या. एकीचा व्हिडिओ कायम रात्री अकराला यायचा, कारण घरात फोन एकच आणि तो भाजीचा टेम्पो चालवणाऱ्या बाबांकडे. दहा बाय दहाच्या खोलीत, गॅसच्या शेगडीला वाचवत, ती बॉल हवेत खेळवायची. माझं ते टाळ्यांचं वाक्य तिथंच संपलं.

खरा फरक मात्र एका गुडघ्यानं पडला.

मैदानं परत सुरू झाल्यावर तीन-चार महिन्यांतली गोष्ट. आमची स्टॉपर, म्हणजे बचावफळीत मधोमध खेळणारी, वय १६. आजूबाजूला कुणी नाही, बॉलही लांब. ती फक्त वळली. टक्क असा आवाज मी दहा फुटांवरून ऐकला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत हाडांना जोडून ठेवणारं लिगामेंट, तुटलेलं निघालं. दोन वर्षांतली ही दुसरी पोरगी. ओळखीच्या कोचना विचारलं तर एक म्हणाला नशीब, दुसरा म्हणाला मुलींची हाडंच नाजूक. हाडाचा काय संबंध, लिगामेंट तुटलंय, असं म्हणायचीसुद्धा तेव्हा माझी तयारी नव्हती.

भाच्यानं कधीतरी मला लिंक्डइनचं खातं काढून दिलं होतं. फोटोच्या जागी नुसता राखाडी गोळा. रात्री झोप येईना म्हणून मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिथं प्रश्न लिहिला : दोन मुली, दोघींना धक्का लागलेला नाही, माझं काय चुकतंय? तिसऱ्या दिवशी पुण्यातल्या एका फिजिओ बाईंचं उत्तर आलं. त्यांनी काहीही विकायचा प्रयत्न केला नाही. एवढंच विचारलं की मुली उडीवरून खाली कशा येतात ते कधी पाहिलंय का? समोरून, स्लो मोशनमध्ये?

दुसऱ्या दिवशी फोन विटेला टेकवला आणि पोरींना पायरीवरून एकेक करून उडी मारायला लावली. साध्या डोळ्यांना काही दिसत नाही, पायरी ते जमीन हे क्षणात संपतं. सेकंदाला २४० फ्रेम घेऊन तेच आठपट संथ करून बघितलं आणि मी खाली बसले. पाय जमिनीला टेकले की गुडघे आत वळायचे, एकमेकांना भेटायला निघाल्यासारखे. २२ पैकी नऊ जणींचे. या पोरींना मी वर्षानुवर्षं रोज बघत होते.

मग त्या बाईंनी सगळं उलगडून सांगितलं. एसीएलची दुखापत मुलींमध्ये मुलांपेक्षा दोन-तीन पट जास्त होते, आणि बरेचदा कुणाचा धक्का न लागता, उडीवरून उतरताना किंवा एकदम वळताना. त्यावर फिफाचा ‘११ प्लस’ नावाचा वॉर्मअप आहे. तीन भाग, १५ व्यायाम, साधारण २० मिनिटं, आठवड्यातून किमान दोनदा. सामान म्हणाल तर बॉल आणि खुणेचे प्लास्टिकचे कोन. नॉर्वेमध्ये १३ ते १७ वयाच्या जवळजवळ दोन हजार मुलींवर त्याची चाचणी झाली होती आणि तो वॉर्मअप करणाऱ्या संघांत गंभीर दुखापती निम्म्याच्या आसपास कमी निघाल्या. चाचणीचा निकाल छापून आला २००८ मध्ये. मी तेव्हा नुकतीच शिकवायला लागले होते. एवढी वर्षं ही गोष्ट फुकट पडून होती आणि आमच्या चहाच्या गाड्यावर ती पोचलीच नव्हती.

इथून मी वाहवले. नव्यानं मुसलमान झालेला पाच वेळच्या जागी सात वेळा नमाज पढतो म्हणतात, तसं झालं माझं. घड्याळ घेतलं. सरावात ते पोरींच्या मनगटावर, रात्री माझ्या. मनगटावरचं घड्याळ हृदयाचे ठोके सावकाश पळताना बरे दाखवतं, पण आपल्या खेळात दहा मीटर जोरात, मग उभं, मग परत जोरात, तिथं त्याचा आकडा मागं राहतो. तेव्हा मला हे माहीत नव्हतं, त्यामुळं पोरी धापा टाकत असताना मी ‘अजून एक’ म्हणत होते, कारण घड्याळ म्हणत होतं दमलेल्या नाहीत. एका फायनलच्या सकाळी त्यानं मला सांगितलं की माझी रात्रीची झोप खराब झाली आहे. झोप चांगली झाली होती. ते वाचून मात्र दिवस खराब गेला.

आणि पोस्ट! करंडकाबरोबर फोटो, ‘कळवताना अत्यंत आनंद होतोय’, शे-दोनशे अंगठे. प्रॅक्टिस संपली की पोरींशी बोलायच्या ऐवजी मी पोस्टचं पहिलं वाक्य जुळवत बसायचे. एकदा एका पोरीचं कौतुक लिहिलं : नाव, शाळा, इयत्ता, सकाळी साडेसहाला न चुकता मैदानात हजर असते वगैरे. पंधरा दिवसांनी तिची आई आली. बोलली काहीच नाही, नुसता फोन पुढं धरला. कुणा अनोळखी माणसानं पोरीला इन्स्टाग्रामवर लिहिलं होतं, ‘उद्या साडेसहाला बघायला येतो.’ आई म्हणाली, ‘मॅडम, याला वेळ कुणी सांगितली?’

वेळ मीच सांगितली होती.

त्या दिवशी सगळ्या जुन्या पोस्ट काढल्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरलंय आणि त्यांची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यायला सांगितलंय. कायद्याचा वकिली कीस पाडायचा नाही मला. आमच्याकडं आता पालकांची लेखी सही असल्याशिवाय फोटो जात नाही. सही असली तरी नाव, शाळा आणि वेळ यांतलं काही जात नाही, फोटोही मॅच संपून घरी गेल्यावर.

त्यानंतर मी खातंच बंद करणार होते. पण त्याच सुमारास इनबॉक्समध्ये एक ‘स्काउट’, म्हणजे क्लबांसाठी खेळाडू हेरणारा, आला. युरोपातल्या क्लबची ट्रायल, आमच्या १५ वर्षांच्या स्ट्रायकरसाठी, नोंदणीचे ४५ हजार. खोटं कशाला सांगू, मी हुरळले. पोरीचे वडील सोसायटीतून कर्ज काढायच्या गोष्टी करायला लागले. गोव्यातली एक गोलकीपर कोच, लिंक्डइनवरच ओळख झालेली, जिला मी कधी प्रत्यक्ष भेटलेली नाही, तिला आनंदानं कळवलं. तिनं एकच विचारलं, ‘पोरीचं वय काय?’ फिफाच्या नियमांत १८ वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशात बदली, मोजके अपवाद सोडले तर, होतच नाही. एजंटला फिफाचं लायसन्स लागतं आणि लायसन्सवाल्यांची यादी फिफाच्या साइटवर कुणालाही बघता येते. या भल्या माणसाचं नाव तिथं नव्हतं. लायसन्स नंबर विचारला, त्यानंतर तो गायबच झाला.

म्हणजे ज्या दारानं चोर आला, त्याच दारानं शेजारीणही आली. म्हणून दार उघडं ठेवलंय, पण आता मी दारात बसून नसते. आठवड्यातून एकदा, रविवारी जेवणानंतर अर्धा तास. पोस्ट जवळजवळ टाकत नाही. प्रश्न विचारते आणि मला येत असेल त्याचं उत्तर देते.

तुमच्यासाठी म्हणाल तर, नोकरी मिळेल म्हणून जाऊ नका. आपल्याकडं कोचचं काम अजून ‘अमक्याला मी शिकवताना बघितलंय’ या फोनवरच मिळतं. मात्र पुण्याच्या किंवा बेंगळुरूच्या अकादमीला तुमचं नाव कुणी सुचवलं, तर ते आधी तुम्हाला शोधून बघणार, तेव्हा तिथं राखाडी गोळा नसलेला बरा. कुठल्या वयाची मुलं, किती वर्षं, कुठलं लायसन्स, एवढं साधं लिहा. ‘खेळाची प्रचंड आवड’ हे लिहू नका, आवड नसलेला माणूस जून महिन्यात त्या चिखलात उभा राहील का? कुणाला जोडताना दोन ओळी लिहा की यांनाच का. मी अशा अकरा जणांना लिहिलं होतं, चौघांनी उत्तर दिलं, त्यातल्या दोघींशी आजही बोलणं आहे. आणि तुमचे सर तुमच्या प्रश्नांना नीट उत्तरं देत असतील तर तुम्हाला माझ्याइतकी गरजही नाही. मला गावात विचारायला कुणी नव्हतं, म्हणून मी बाहेर विचारलं.

घड्याळ नका घेऊ. त्या पैशांत बॉल घ्या. फोन आहेच, तो विटा रचून त्यांवर टेकवा : आडवा, गुडघ्याच्या उंचीवर, आठ-दहा फूट लांब, गुडघे उघडे दिसतील अशी चड्डी. पहिल्या दोन उड्या सोडून द्या, पोरं कॅमेऱ्यासाठी उडी मारतात. तिसरीपासून खरं दिसतं.

आमची ती स्टॉपर ऑपरेशननंतर परत खेळली नाही. रविवारी सकाळी येते, विटेमागं मांडी घालून बसते आणि व्हिडिओ तीच काढते. बाकीच्यांचे फोन अजून चिवड्याच्या डब्यात.