टेस्ट सगळ्या ‘पास’, तरी दुकानदार म्हणतो हार्ड डिस्क बदला. खात्री कुठल्या सॉफ्टवेअरने करावी?

तुम्ही लिहिलंय की पीसी मधूनच पंधरा-वीस सेकंद गोठतो, डिस्कचा दिवा पेटलेला राहतो आणि मग आपोआप सुरू होतो. दुकानात टेस्ट घेतल्या, त्या पास झाल्या, आणि तरीही डिस्क बदलायला सांगतायत.

क्रिस्टलडिस्कइन्फो वापरा. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती हे सॉफ्टवेअर दाखवतं. फुकट आहे, दोन मिनिटांचं काम. पण वरच्या निळ्या चौकोनातलं ‘गुड’ वाचून बंद करणार असाल तर उघडूही नका. वाचायचे असतात ते खालचे आकडे. ते कोणी वाचत नाही, म्हणून मी एवढं लिहायला बसले आहे.

इंदूरला रामबागेत आमचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, हिंदी-मराठी दोन्ही कामं. गिऱ्हाईक आणि छपाई दादा बघतो, कम्पोझिंग माझ्याकडे. २०१९ साली अक्षय तृतीयेच्या तोंडावर, म्हणजे आमच्या ऐन हंगामात, माझ्या मशीनला तुमचाच आजार जडला. कोरलमध्ये, म्हणजे ज्यात मी पत्रिका मांडते त्या सॉफ्टवेअरमध्ये, सेव्ह दाबलं की माऊस हलायचा, बाकी सगळं थिजायचं. कधी दहा सेकंद, कधी अर्धा मिनिट. एका घरच्या चारशे पत्रिकांची फाइल अशीच अर्धवट सेव्ह होऊन गेली, रात्री बसून पुन्हा केली, आणि पत्रिका एक दिवस उशिरा गेल्या. गिऱ्हाइकासमोर दादा म्हणाला, “हिच्या फाइली जड असतात. गणपतीच चार-चार घालते.”

ते वाक्य मला आजही लागतं. एका पत्रिकेत एकच गणपती होता.

मशीन दुरुस्तीच्या दुकानात नेलं. दुकानाचं नाव घेत नाही. तिथल्या मुलाने डिस्कची सेल्फ टेस्ट लावली, ती पास झाली. मग चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन, लावलं, त्यात काही चुका निघाल्या. “दीदी, डिस्क गई समझो।” नवीन एक टीबीची डिस्क घातली, तीन हजारांच्या आसपास गेले. तीन आठवडे बरे गेले आणि परत तेच. आता म्हणे हा लॉटच खराब आहे, तिसरी घाला. दादा पैसे काढायलाही निघाला होता. मी म्हटलं, मला एक संध्याकाळ दे.

शटर अर्धं ओढून बसले. नव्या डिस्कचे आकडे उघडले. ०५ म्हणजे बदली केलेले सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे बारीक कप्पे): शून्य. सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे ताटकळलेले सेक्टर: शून्य. सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे सेक्टर: शून्य. म्हणजे डिस्कच्या तबकडीवर एकही डाग नाही. पण खाली सी७ समोर २ई७. हे आकडे सोळाच्या पद्धतीत दिसतात, म्हणून मध्ये अक्षर. मेनूत जाऊन दशमान केलं तर ७४३. एक मोठा फोल्डर कॉपी केला, मशीन दोनदा गोठलं, पुन्हा बघितलं: ७९९. एका कॉपीत छप्पन्न. वर चौकोन अजून निळाच, कारण ते सॉफ्टवेअर इशारा देतं तो ०५, सी५ आणि सी६ बघून. सी७ कितीही चढला तरी रंग बदलत नाही. ट्रान्सफर मोडपुढे लिहिलं होतं साटा/१५० आणि शेजारी साटा/६००. साटा म्हणजे डिस्क केबलने मदरबोर्डला जोडायची पद्धत, पुढचा आकडा वेगाचा. उजवीकडचा वेग डिस्कला झेपणारा, डावीकडचा प्रत्यक्ष चाललेला. चुका फार झाल्या की वेग खाली उतरवला जातो.

सी७ म्हणजे तारेवरच्या चुका. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यात जो माल जातो त्याच्या प्रत्येक गठ्ठ्यासोबत हिशेबाचा एक आकडा जातो. पलीकडे हिशेब जुळला नाही तर गठ्ठा पुन्हा पाठवावा लागतो आणि सी७ एकाने वाढतो. हे पुन्हा पुन्हा झालं की विंडोज वाट बघत बसतं. तेच गोठणं. आणि दुकानातली सेल्फ टेस्ट पास का झाली? कारण ती टेस्ट डिस्क आपल्या आत, आपली आपण करते. तारेवरून जातो फक्त हुकूम आणि निकाल. ज्या गोष्टीत बिघाड होता तिची तपासणी झालीच नव्हती, आणि सगळे म्हणत होते सगळं तपासलं.

मग ड्रॉवरमधली जुनी, ‘गेलेली’ डिस्क काढून जोडली. ०५ शून्य, सी५ शून्य, सी७ समोर ६७३२. दोन वेगळ्या डिस्का, दोघींना एकच आजार, आणि दोघींमध्ये सामाईक ती एक लाल केबल. कॅबिनेटचं साइड पॅनेल काढलं तर डिस्कच्या पाठीमागे केबल पॅनेलला टेकून काटकोनात मुडपलेली, मोडीवर पांढरी रेघ उमटलेली, प्लगच्या कडेला बारीक चीर. पॅनेल बसवलं की ते तिलाच दाबत होतं. दुसऱ्या दिवशी जेल रोडवरून काटकोनी तोंडाची, क्लिपवाली केबल आणली. तिसऱ्या डिस्कच्या तुलनेत किंमत सांगण्यासारखीही नाही. लावली. तोच फोल्डर कॉपी केला. ७९९. परत केला. ७९९. ट्रान्सफर मोड दोन्हीकडे साटा/६००.

दादा अजून मानत नाही. त्याचं म्हणणं, काढघाल केल्यामुळे बरं झालं, तार ती तार, तिला काय होतंय. म्हणून ती जुनी डिस्क मी माझ्या घरच्या मशीनला लावली. सी७ कधी उतरत नाही, पुसता येत नाही, त्यामुळे पुरावा डिस्कवरच लिहिलेला आहे. तेव्हा तिचे चालू तास ११ हजारांच्या आसपास होते, आता २५ हजारांच्या वर गेलेत, आणि सी७ अजून ६७३२. चौदा हजार तासांत एकही वाढलेला नाही. आणि त्याच मशीनवर मी अजूनही पत्रिका करते, तितक्याच ‘जड’. हे मात्र खरं की मोठी फाइल सेव्ह करताना तारेवरून जास्त माल जातो, म्हणून बिघाड तेव्हा आधी दिसतो. फाइलमुळे बिघाड होत नाही. दादा, हे वाचत असशील तर एवढंच.

तुम्ही करायचं ते असं. आज ०५, सी५, सी६, सी७ या चार ओळींचा फोटो काढा. मोठा फोल्डर कॉपी करा, पुन्हा बघा. फक्त सी७ वाढला तर केबल बदला, तरी वाढला तर मदरबोर्डवरचा पोर्ट, म्हणजे केबल खोचायची जागा, बदला. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर आमच्यासारखं वर्षानुवर्षं भांडण राहील. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, १२९ नंबरच्या नोंदी, डिव्हाइस रीसेट केल्याच्या, दिसल्या तर वाट याच दिशेची आहे. ७ नंबरच्या, म्हणजे बॅड ब्लॉकच्या, दिसल्या तर दुकानदार बहुतेक बरोबर आहे. सी५ शून्याच्या वर असेल तर आधी डेटा दुसरीकडे घ्या, आणि तो घेईपर्यंत कोणालाही त्या डिस्कवर चेकडिस्क दुरुस्तीसाठी लावू देऊ नका. मरणाऱ्या डिस्कला कोपरा न् कोपरा वाचायला लावणं हा उपचार नाही.

चारही आकडे शून्य आले म्हणून निर्धास्तही होऊ नका. गूगलच्या इंजिनिअरांनी २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कांचा हिशेब मांडला होता. मेलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कांमध्ये ज्या चार खुणांवर त्यांचा सर्वांत भरवसा होता त्यांतली एकही दिसली नव्हती. उलट स्कॅनमध्ये पहिली चूक दिसलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता इतरांच्या ३९ पट होती. म्हणजे वाईट आकड्यावर विश्वास ठेवा, चांगल्या आकड्यावर अर्धाच.

रॅमचा संशय असेल तर मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून बूट करून रात्रभर चालू द्या. एक जरी लाल ओळ आली तरी रॅम नापास. “एकच तर एरर आहे” हे ऐकून घेऊ नका. पॉवर सप्लायच्या बाबतीत सॉफ्टवेअरमधल्या व्होल्टेजवर विसंबू नका, बारा व्होल्टची लाइन मल्टिमीटरने मोजा, ११.४ ते १२.६ मध्ये हवी.

तुमची डिस्क एनव्हीएमई असेल, मदरबोर्डवर आडवी बसणारी पट्टी, तर वरचं केबलचं पुराण तुम्हाला लागू नाही. तिला केबलही नाही आणि सी७ची ओळही नाही. प्रश्नात तुम्ही ते लिहिलेलं नाही. लिहा, आणि चार ओळींचा फोटोही टाका. मशीन दुकानात द्यायच्या आधीचा.