गणपती करून निघू, की राँत्रेच्या आधी पोचू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवरा नोकरीसाठी फ्रान्समध्ये तुलूझला पोचला आहे, तुम्ही दोन मुलांसह पुण्यात आहात. मुलगा यंदा आठ पूर्ण करेल, मुलगी तीन. तिकडची शाळा सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला उघडते (उन्हाळी सुट्टीनंतरच्या या परतण्यालाच राँत्रे म्हणतात), पण घरचा गणपती यंदा सप्टेंबरच्या मध्यात आहे. तेव्हा विसर्जन करून महिनाअखेरीस निघालं तर काय बिघडेल? आणि वह्या-दप्तरं पुण्यातूनच घ्यायची का?

उत्तर आधीच देऊन टाकते. जमत असेल तर ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यापर्यंत पोचा, आणि गणपती तिकडेच बसवा. पहिल्या दिवशी वर्गातली सगळीच मुलं थोडी बावरलेली असतात. कोण कुठे बसणार हे ठरायचं असतं, बाई नवीन असतात, गेल्या वर्षीचे मित्र दुसऱ्या तुकडीत गेलेले असतात. अशा दिवशी फ्रेंचचा एक शब्द न येणारं मूल त्या बावरलेल्यांतलंच एक असतं. तीन-चार आठवड्यांनी तेच मूल दारात उभं राहिलं की वर्गात नवखं असं ते एकटंच. माझ्या मुलांच्या शाळेत मी दोन्ही प्रकारची मुलं पाहिली आहेत. उशिरा आलेलीही रुळतात, पण त्यांना नाताळ उजाडतो.

आता ही राँत्रे आहे काय, ते. नवऱ्याच्या ऑफिसात जुलैपासून प्रत्येक कामाला "बघू राँत्रेला" हेच उत्तर मिळतंय असं तुम्ही लिहिलंय. ते टाळाटाळीचं उत्तर नाही. १९३६ मध्ये फ्रान्समधल्या कामगारांना कायद्याने वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, ती वाढत वाढत १९८२ मध्ये पाच आठवड्यांवर गेली, आणि तिचा मोठा तुकडा घ्यायचा महिना ठरून गेला तो ऑगस्ट. शाळांना जुलै-ऑगस्टची सुट्टी, म्हणून आईबापांची रजा तेव्हा. आईबाप नाहीत म्हणून कारखाने आणि ऑफिसं मंद. गिऱ्हाईक नाही म्हणून बेकरीवालाही दारावर चिठ्ठी चिकटवून गावाला. मग सप्टेंबरच्या सुरुवातीला सगळा देश एकदम कामावर येतो. मुलंबाळं नसलेली माणसंही एकमेकांना "बॉन राँत्रे" म्हणतात. पाडव्याला आपण ज्या सुरात शुभेच्छा देतो त्याच सुरात. नवीन वर्ष इथे कागदोपत्रीच जानेवारीत लागतं.

या सगळ्याचा तुमच्याशी संबंध असा की ऑगस्टअखेरीस पोचून पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जे काम होतं ते ऑक्टोबरात होत नाही. आणि इथे नवीन आलेले आपले लोक तो वेळ नेमका वह्या शोधण्यात घालवतात. वह्या मिळतातच. आधी नावनोंदण्या.

पहिली नावनोंदणी शाळेची, आणि ती शाळेत होत नाही. प्राथमिकसाठी आधी 'मेरी'त, म्हणजे नगरपालिकेत जायचं. सरकारी शाळा पत्त्यावरून ठरते, त्यामुळे घराचा करार आणि विजेचं बिल किंवा तत्सम पुरावा हवाच. त्याला 'जुस्तिफिकातिफ द दोमिसिल' म्हणतात. हा शब्द पाठ करून ठेवा, वर्षभर पुरेल. हे काम नवऱ्याने तुम्ही यायच्या आधीच सुरू करावं. शाळेचा फोन ऑगस्टभर कोणी उचलणार नाही, पण मेरी उघडी असते. सोबत मुलांचे जन्मदाखले लागतील. ते अपॉस्टील (परदेशी वापरासाठीचा सरकारी शिक्का) करूनच आणा, आणि फ्रेंच भाषांतर तिथल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून करून घ्या. शाळेला नाही लागलं तरी आरोग्यविम्याच्या वेळी लागतंच.

लसीकरणाचं कार्ड आत्ताच मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. फ्रान्समध्ये २०१८ पासून जन्मलेल्या मुलांना किमान ११ रोगांवरच्या लसी सक्तीच्या आहेत. त्यातली मेनिंगोकोकसची लस आपल्या सरकारी वेळापत्रकात नसते, म्हणून भारतीय कार्डांवर तिथे गाडी अडू शकते. अडली तरी प्रवेश नाकारत नाहीत. तात्पुरता देतात आणि लसी पूर्ण करायला तीन महिने देतात. पण तिकडे सप्टेंबरात बालरोगतज्ज्ञाची वेळ मिळवणं म्हणजे दिव्य, तेव्हा जे पुण्यात होईल ते पुण्यात उरका.

दुसरी नावनोंदणी काँतीनची, म्हणजे शाळेतल्या जेवणाची. डब्याचा विषय इथेच मिटवते: डबा नेता येत नाही. ॲलर्जी वगैरे असेल आणि डॉक्टरांमार्फत रीतसर करार झाला असेल तरच घरचं जेवण चालतं. नाहीतर एकतर काँतीनमध्ये जेवायचं, नाहीतर दुपारी घरी आणायचं आणि परत सोडायचं. जेवणाची सुट्टी कमीत कमी दीड तासाची असते, त्यामुळे घर जवळ असेल तर पहिले काही आठवडे घरी आणणं वाईट नाही. मी मात्र काँतीनच्या बाजूने आहे. फ्रेंच वर्गात जेवढं येत नाही तेवढं जेवणाच्या टेबलावर येतं. आधी सॅलड, मग मुख्य पदार्थ, मग चीज किंवा दही, मग फळ, असं बसून, सावकाश. कायद्याने आठवड्यातून किमान एक जेवण शाकाहारी असतं, त्यात अंडं असू शकतं. बाकीच्या दिवशी 'मांसाशिवाय' हा पर्याय बऱ्याच नगरपालिका देतात. फॉर्मवर ती चौकट दिसली की खूण करा. दर तुमच्या उत्पन्नावर ठरतो, आणि उत्पन्नाचा कागद दिला नाही तर सर्वांत वरचा दर लावतात.

शाळेच्या आधी आणि नंतर मुलं सांभाळायची सोय वेगळी नोंदवावी लागते. तुलूझमध्ये तिला 'क्ले' म्हणतात, इतर गावांत 'पेरीस्कोलेर'. बुधवारी कुठे अर्धा दिवस शाळा, कुठे पूर्ण सुट्टी, ते नगरपालिका ठरवते. तुम्हीही नोकरी शोधणार असाल तर बुधवारचा विचार मुलाखतीच्या आधी करा.

आता वह्या. शाळा यादी देते, 'फुर्नित्यूर'ची, म्हणजे शालेय साहित्याची, आणि ती बघून पहिल्यांदा घाम फुटतो: अमुक आकाराची, तमुक पानांची वही, लाल कव्हर, निळं कव्हर, २४ गुणिले ३२ सेंटिमीटरची मोठी वही, पांढरी पाटी आणि तिचे मार्कर, डिंकाच्या कांड्या डझनाने. भारतातून यातलं काहीही आणू नका. आकार जुळत नाहीत, आणि मुख्य म्हणजे रेघा जुळत नाहीत. फ्रेंच वहीच्या पानावर ८ मिलिमीटरचे चौकोन असतात, आणि प्रत्येक चौकोनात २ मिलिमीटर अंतराने बारीक आडव्या रेघा. याला सेयेस म्हणतात. ही आखणी एका पुस्तकविक्रेत्याने १८९२ मध्ये नोंदवली, आणि आजही पोरं त्याच रेघांवर गिरवतात. लहान अक्षर पहिल्या बारीक रेघेपर्यंत, 'डी' आणि 'टी' दुसरीपर्यंत, 'एल' तिसरीपर्यंत. बाई हे मोजून बघतात.

तुमच्या मुलाची खरी परीक्षा इथे आहे. तो इंग्रजी सुटी अक्षरं लिहीत असणार. तिकडे पहिलीपासून अक्षरं जोडून लिहायची वळणदार लिपी, आणि फळ्यावर बाईही तीच लिहितात. बोललेलं फ्रेंच कळायच्या आधी फळाच वाचता येत नाही, असं होतं. म्हणून उरलेल्या दिवसांत फ्रेंच शिकवणी लावण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटं फ्रेंच वळणाचं कर्सिव्ह वाचायला आणि लिहायला लावा. नमुने इंटरनेटवर भरपूर आहेत. गणितातही बारीक खाचखळगे आहेत. त्यांच्या एकला वर लांब शेपूट असते, म्हणून तो आपल्या मुलांना सातासारखा दिसतो. साताला मधे आडवी रेघ. दशांशचिन्ह म्हणजे स्वल्पविराम, साडेतीन म्हणजे ३,५. आणि भागाकारात भाजक उजवीकडे, उत्तर त्याच्या खाली. गणितात हुशार पोरगा पहिल्या चाचणीत गोंधळला तर कारण बहुधा हेच असतं, ओरडू नका.

त्याला कुठल्या वर्गात घालतील ते जन्मवर्षावरून ठरतं, जानेवारी ते डिसेंबर. यंदा आठ पूर्ण करणारी मुलं 'सेए दे'त, म्हणजे प्राथमिकच्या तिसऱ्या वर्षात. नव्याने आलेल्या, फ्रेंच न येणाऱ्या मुलांची चाचणी घेतात आणि जवळच्या शाळेत सोय असेल तर आठवड्यातले काही तास वेगळ्या वर्गात फ्रेंच शिकवतात. बाकी वेळ तो आपल्याच वर्गात. ही सोय आपोआप होईल असं समजू नका. पहिल्याच भेटीत मुख्याध्यापकांना या सोयीबद्दल, म्हणजे 'यूपेदेआ'बद्दल विचारा. चाचण्या सप्टेंबरात घेतात, गट तेव्हाच भरतात. गणपतीनंतर येण्याचा तोटा इथेही आहे.

मुलीचं सोपं आहे. २०१९ पासून वयाच्या तीन वर्षांपासूनच शिक्षण सक्तीचं आहे, त्यामुळे 'मातेर्नेल'च्या, म्हणजे बालवाडीच्या छोट्या वर्गात तिची जागा हक्काची. दुपारी झोपवतात. घरून एक आवडतं मऊ खेळणं न्यायला सांगतात, 'दूदू'. ते नवीन विकत घेऊ नका, तिची जुनी चिंधी बाहुली चालते, आणि तीच हवी. शी-शू सांगता यायला हवी अशी अपेक्षा असते, आणि ती फ्रेंचमध्ये सांगायला हवी, तेवढे दोन शब्द आत्ताच शिकवा. पूर्ण दिवस जड गेला तर छोट्या वर्गापुरती दुपारची सूट मागता येते, लेखी अर्ज करून. दारात रडेल. बाई तुम्हाला गोड हसून बाहेर काढतील. उभ्या राहू नका, निघा.

प्रत्येक वस्तूवर नाव घाला. स्वेटर, टोपी, पाण्याची बाटली, पेन्सिली, एकेक. आडनाव आधी. दुकानात नावाच्या चिकटपट्ट्या छापून मिळतात, पण मार्करनेही भागतं. तिसऱ्या आठवड्यात दारावर एक कागद लागेल की शाळेत उवा आल्या आहेत. दर वर्षी लागतो, तुमच्या मुलीकडे कोणी बोट दाखवत नाहीये.

शाळेच्या विम्याचा एक कागद मागतील. सहलींना तो लागतो, घराच्या विमा कंपनीकडून मिळतो, वर्षाला थोडेच पैसे. काफ नावाच्या सरकारी संस्थेकडून ऑगस्टमध्ये ६ ते १८ वयाच्या मुलांसाठी मुलामागे चारशेवर युरो मिळतात असं तुम्ही वाचलंय, ते खरं आहे, पण त्याला उत्पन्नाची मर्यादा आहे आणि परदेशी मुलांसाठी कागदपत्रांच्या अटीही. पहिल्या वर्षीच्या हिशेबात धरू नका.

सप्टेंबरच्या पहिल्या दोन शनिवार-रविवारांपैकी कधीतरी गावात किंवा तुमच्या भागात 'फोरोम देज्-आसोसियासियों', म्हणजे स्थानिक संस्था आणि क्लबांचा मेळावा असतो. मैदानात नाहीतर क्रीडागृहात टेबलं मांडलेली, एकावर ज्युडो, शेजारी पोहणं, पलीकडे बुद्धिबळ, मातीकाम, गायनवृंद. वर्षभराचे सगळे वर्ग त्या एका दुपारी भरतात. पोहण्याच्या आणि ज्युडोच्या जागा दुपारच्या मध्यावरच संपतात, मग पुढच्या सप्टेंबरपर्यंत नाव नाही. चेकबुक न्या. हो, चेकबुक. भारतात आपण विसरलो, इथे क्लबवाले अजून वर्षाची फी तीन चेकमध्ये घेतात आणि तिमाहीला एकेक वटवतात. मुलाला भाषेशिवाय जमेल असं काहीतरी त्या दिवशी नक्की लावा. माझ्या मुलाचा पहिला मित्र शाळेत नाही, ज्युडोत झाला.

मोठ्यांची राँत्रेही असतेच. ऑफिसात पहिला आठवडा सुट्टी कशी गेली यावर जातो, दुसऱ्या आठवड्यात जुलैपासून साठलेलं सगळं एकदम अंगावर येतं. नवऱ्याला सांगा, घरासाठी रजा हवी तर ऑगस्टमध्येच घे. पुस्तकांच्या दुकानात चारशेवर नव्या कादंबऱ्या एका झटक्यात येतात, कारण नोव्हेंबरात गोंकूर हा मोठा साहित्य पुरस्कार असतो. आणि कामगार संघटनाही सुट्टीवरून परततात, तेव्हा सप्टेंबर-ऑक्टोबरात पहिला संप ठरलेला. शिक्षक संपावर असले की शाळेच्या दारावर आधी कळवतात. प्राथमिकमध्ये पाव किंवा त्याहून जास्त शिक्षक संपात असतील तर मुलं सांभाळायची जबाबदारी नगरपालिकेची. काँतीन मात्र बंद असू शकतं.

आता गणपती. शाळेला सुट्टी नाही, पण स्थापनेच्या दिवशी एक दिवस घरी ठेवायचं असेल तर आधी चिठ्ठी देऊन कारण कळवा, कोणी अडवत नाही. महिन्यात चार अर्धे दिवस विनाकारण गैरहजेरी झाली की प्रकरण वरच्या कार्यालयात जातं, म्हणून विसर्जनापर्यंत मुलं घरी हा विचार सोडा. मूर्ती पुण्याहून आणा, शाडूची लहानशी, हातातल्या सामानात. आरतीला लोक शनिवारी बोलवा, मंगळवारी कोणी येणार नाही. पॅरिसमध्ये ला शापेल भागातल्या मंदिराची गणेशाची रथयात्रा ऑगस्टअखेरीच्या सुमारास निघते. मंदिर तमिळ लोकांचं, पण रस्ताभर नारळ फुटतात आणि मराठी माणसंही भेटतात. विमान पॅरिसला उतरणार असेल आणि तारीख जुळली तर बघून पुढे जा.

भारतात यायचं तिकीट नाताळसाठी आत्ताच बघा. ऑक्टोबरच्या मध्याला 'तूसाँ'ची दोन आठवड्यांची सुट्टी येते, पण तेव्हा मुलांना घेऊन पुण्याला धावू नका. शाळेची घडी तोवर नुकती बसलेली असते.

घर कुठल्या भागात ठरतंय ते कळवा. तुलूझचे दोन-तीन भाग मला माहीत आहेत, तिथली शाळा आणि क्ले कसं आहे ते सांगता येईल.