बिअर १.०२० वर अडकली आहे, यीस्टचं आणखी एक पाकीट टाकू का?

तुम्ही लिहिलंय की कॅलगरीच्या घरी बेसमेंटमध्ये २० लिटर ब्राउन एल लावली, ओजी (सुरुवातीची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता; साखर जास्त तितका आकडा मोठा) १.०५६ होती, सहा दिवसांत १.०२० झाली आणि पुढचे आठ दिवस काटा हललेला नाही. एअरलॉक (झाकणावरची, वायू बाहेर सोडणारी झडप) गप्प आहे. ओळखीचे एक जण म्हणतात, आणखी एक पाकीट यीस्ट टाका.

टाकू नका. निदान दोन दिवस तरी नाही. अडकलेल्या बिअरवर हा सल्ला लोक इतक्या खात्रीने देतात की मला गप्प बसवत नाही.

आधी आकडा खरा आहे का बघा. रिफ्रॅक्टोमीटरवर (प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर मोजणारं उपकरण) वाचला असेल तर सोडून द्या. अल्कोहोल तयार झालं की तो साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. तुमच्या ओजीच्या बिअरमध्ये शेवटी ७ ब्रिक्स (त्याचं साखरेचं एकक) दिसले तर सरळ रूपांतर १.०२८ येतं, खरी ग्रॅव्हिटी मात्र १.०१३ च्या आसपास असते. हायड्रोमीटर (बिअरमध्ये तरंगणारी मोजनळी) असेल तर नमुना दोन ग्लासांत आठ-दहा वेळा वरखाली ओतून त्यातला वायू घालवा, कारण बुडबुडे चिकटले की नळी वर उचलली जाते. नमुना २० अंशांवर आणा. बहुतेक हायड्रोमीटर त्याच तापमानाचे असतात, आणि १३ अंशांच्या बिअरमध्ये आकडा एका पॉइंटने (म्हणजे ०.००१ ने) जास्त येतो. तीच नळी साध्या पाण्यात १.००० दाखवते का तेही बघून घ्या. एअरलॉकचं मात्र काहीच धरू नका. झाकणाचं रबर सैल असलं तरी तो गप्पच बसतो.

आकडा खरा निघाला, तर माझी न्यू जर्सीतली जानेवारीची पोर्टर (गडद रंगाची एल) ऐका, ती तुमच्या एलची जुळी बहीण होती. २० लिटर, ओजी १.०५८, इंग्लिश जातीचं, लवकर तळाशी बसणारं यीस्ट. बेसमेंटमधली हवा १७ अंश आणि बादली थेट काँक्रीटवर. ती फरशी १३ अंश होती. पहिले दोन दिवस बादलीवरची तापमानाची पट्टी २० दाखवत होती, कारण जोरात आंबताना बिअर स्वतःच तापते, आजूबाजूपेक्षा तीन ते पाच अंश सहज वर जाते. तिसऱ्या दिवशी जोर ओसरला, ऊब गेली, खालून फरशीने गारवा ओढला आणि चोवीस तासांत पट्टी १५ वर आली. एस-०४ सारखी इंग्लिश यीस्टं एवढी घसरण सहन करत नाहीत. ती गोळा होऊन तळाशी बसतात आणि वर साखर तशीच राहते. बिअर १.०२४ वर थांबली. बादली हलवली की तळाशी साय धरल्यासारखा घट्ट पांढरा थर दिसत होता आणि वर बिअर जवळजवळ नितळ. चार-पाच दिवसांची, अर्धवट आंबलेली बिअर इतकी नितळ दिसली की समजावं, यीस्ट झोपलंय.

त्यात एका मित्राच्या सल्ल्याने यीस्टची साडेअकरा ग्रॅमची दोन पाकिटं वरून भुरभुरली गेली. दहा दिवस झाले, एक पॉइंटसुद्धा खाली नाही.

का नाही, ते समजून घ्या. यीस्टला वाढायला स्टेरॉल (पेशीच्या आवरणातले घटक) लागतात, ते बनवायला ऑक्सिजन लागतो, आणि आंबलेल्या बिअरमध्ये ऑक्सिजन उरलेला नसतो. ढवळून तो आत घालायचाही नसतो, बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. शिवाय यीस्टचा कोरडा दाणा अल्कोहोलमध्ये भिजतोय, सोपी साखर आधीच्या यीस्टने खाल्लेली, उरलेली मुख्यतः माल्टोट्रायोज (यीस्टला जड जाणारी साखर), आणि आजूबाजूला १५ अंशांची थंडी. आपल्याकडे गार दुधाला दुप्पट विरजण लावून दही लागत नाही, भांडं उबेला ठेवावं लागतं. इथेही तेच.

तेव्हा मग जी चाचणी आधीच करायला हवी होती ती केली. तुम्हीही आज हीच करा. निर्जंतुक बाटलीत ३०० मिली बिअर काढा. त्यात त्याच जातीचं ताजं कोरडं यीस्ट २ ते ३ ग्रॅम टाका, तोंडावर फॉइल सैल बांधा, २५-२६ अंशांवर ठेवा (ओव्हनचा नुसता दिवा लावून दार थोडं उघडं ठेवलं की जमतं, थर्मामीटर मात्र आत ठेवा) आणि जाता-येता हलवत राहा. ४८ तासांनी ग्रॅव्हिटी घ्या. खाली गेली असेल तर साखर शिल्लक आहे आणि यीस्ट अडलंय. हलली नसेल तर बिअरमध्ये खाण्याजोगं काही उरलेलंच नाही, तुमची बिअर अडकलेली नसून पूर्ण झालेली आहे. दुसऱ्या जातीचं यीस्ट वापरू नका, नाहीतर उत्तर त्या यीस्टचं मिळेल.

पोर्टरची बाटली १.०१५ वर आली. मग बादली फरशीवरून लाकडी पाटावर घेतली, हीटिंग बेल्ट लावला, कंट्रोलरचा प्रोब बादलीला टेकवून वरून जाड फडकं बांधलं आणि तापमान २१ केलं. सकाळ-संध्याकाळ झाकण न उघडता बादली गोल हेलकावून तळाचा थर उठवला. तिसऱ्या दिवशी १.०१९, सातव्या दिवशी १.०१५.

यावर पाकिटांचा सल्ला देणाऱ्या त्या मित्राचं म्हणणं असं की दोन पाकिटांनीच काम केलं, ऊब निमित्तमात्र. म्हणून पुढच्या हिवाळ्यात त्याच रेसिपीचे २० लिटर मुद्दाम तसेच अडकू दिले आणि दहा-दहा लिटरच्या दोन बाटल्यांत, आधी कार्बन डायऑक्साइड भरून, नळीने काढले. एकीत नवं पाकीट, जागा तीच गार. दुसरीत काही नाही, फक्त २१ अंश आणि हेलकावे. आठवड्याने पहिली १.०२३, दुसरी १.०१५. दोन बाटल्या म्हणजे काही प्रयोगशाळा नाही, पण माझ्यापुरता हा वाद तिथे मिटला.

ऊब देऊनही पाच-सहा दिवसांत हलली नाही आणि चाचणीत मात्र उतरली होती, तरच नवं यीस्ट. तेही जागं करून. एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम ड्राय माल्ट (माल्टच्या अर्काची पूड) दहा मिनिटं उकळा, २२ अंशांवर आणा, पाकीट घाला, अधूनमधून हलवा. बारा ते अठरा तासांनी फेस चढलेला असताना सगळं ओता. जर्मन ब्रूअर क्रॉयझेन घालतात, म्हणजे जोरात आंबणारी बिअर दहाएक टक्के मिसळतात, त्याचंच हे घरगुती रूप.

चाचणीत उतरली नाही तर मॅशकडे (माल्ट गरम पाण्यात भिजवून साखर काढण्याची पायरी) बघा. ६७ समजून ७१ ला मॅश झाला असेल तर बीटा-अमायलेज (साखर बनवणारं एन्झाइम) लवकर मरतं, डेक्सट्रिन (स्टार्चचे अर्धवट तुटलेले तुकडे) उरतात आणि ती यीस्ट खात नाही. थर्मामीटर बर्फात तपासून भागत नाही, शून्यावर बरोबर असणारा ६५ ला चार अंश चुकू शकतो. त्या तापमानालाच दुसऱ्या चांगल्या थर्मामीटरशी ताडून बघा. लॅक्टोज (दुधातली साखर, तीही यीस्ट खात नाही) घातलं असेल तर २० लिटरला ५०० ग्रॅममागे साधारण १० पॉइंट शेवटपर्यंत तसेच राहतात. ग्लुकोअमायलेज एन्झाइम मात्र टाकू नका. ते थांबत नाही, बिअर १.००० च्या आसपास नेऊन सोडतं आणि ब्राउन एलचं अंग पार जातं.

हे आधी लिहायला हवं होतं: चाचणी होईपर्यंत बाटल्या भरू नका. आंबण्याजोगा एक पॉइंट शिल्लक राहिला की बाटलीत साधारण अर्धा व्हॉल्यूम (बिअरच्या आकारमानाच्या निम्मा) वायू वाढतो. सहा पॉइंट राहिले तर तीन, शिवाय प्रायमिंगच्या (फेसासाठी बाटली भरताना घालायच्या) साखरेचा वेगळा. साध्या काचेला एवढा दाब झेपत नाही, बाटली फुटते आणि काचा उडतात. महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी: तिथे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे.

आणि यीस्ट कोणतं, ते तुम्ही लिहिलंच नाही. विंडसर (एक इंग्लिश एल यीस्ट) असेल तर ते माल्टोट्रायोज खातच नाही, १.०२० हा त्याचा नेहमीचा मुक्काम असू शकतो. तसं असेल आणि चाचणीतही काटा हलला नाही, तर लिटरला ५ ग्रॅम साखर घालून बाटल्या भरून टाका.