उन्हाळा सरताना पाणकाठावर: वाचकांचे प्रश्न

नवतपा (मेअखेरचे सर्वांत तापदायक नऊ दिवस) लागेपर्यंत नागपूरच्या उत्तरेकडचे तलाव आणि नद्या खूप आत सरकलेल्या असतात. उरलेल्या पाण्याभोवती पक्षी-प्राण्यांची दाटी होते. या वेळी निवडलेले प्रश्न त्याच दिवसांतले आहेत.

कन्हानच्या पात्रात उतरलं की टिटव्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालतात आणि बाकीचे पक्षीही उडून जातात. किती अंतर ठेवावं? दुर्बीण कोणती घ्यावी? (कामठी)

टिटवी डोक्यावर आली म्हणजे अंडी किंवा पिल्लं जवळच आहेत. ती रेती-खड्यांत उथळ खळगा करून बहुधा चार अंडी घालते. खड्यांच्याच रंगाची ती अंडी पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. या उन्हात पक्ष्याला अंडी उबवण्यापेक्षा ती गार ठेवण्याचं काम जास्त असतं. टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर सावली धरून बसते. तुमच्यामुळे ती भर उन्हात उठून राहिली, तर आतला जीव उष्णतेने मरतो. शिवाय ती कुठून उठली हे कावळे बरोबर हेरतात.

म्हणून पहिली हाक ऐकताच थांबा. पायाखाली पाहत, आलात त्याच वाटेने मागे फिरा आणि तिचं ओरडणं थांबेल तिथे बसा. हे अंतर मीटरमध्ये ठरवू नका, तिचा आवाज सांगेल तेच खरं. शक्यतो डांगरवाड्यांच्या (पात्रातल्या टरबूज-डांगराच्या मळ्यांच्या) रुळलेल्या वाटेवरच राहा, तिथल्या माणसांच्या वर्दळीची पक्ष्यांना सवय असते.

नदी सुरयाच्या बाबतीत तर आमचा आग्रहच आहे. पिवळी चोच, काळी टोपी आणि दुभंगलेल्या शेपटीचा हा पक्षी आता जगभरात असुरक्षित गणला जातो. तो उघड्या रेतीच्या बेटावर दोन-तीन अंडी घालतो. पाणी उतरलं की बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री चालत पोहोचतात. त्यात माणसांनी सुरयांना उठवलं, तर कुत्र्यांचं काम आणखी सोपं होतं. कोरडी धार ओलांडून अशा बेटावर जाऊच नका.

दुर्बीण ८×४२ची घ्या. ८ म्हणजे किती पट मोठं दिसतं आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की सव्वापाच मिलिमीटर येतात. डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत तेवढा रुंद असतो, म्हणून झुंजुमुंजूलाही चित्र उजळ दिसतं. १० पटीच्या दुर्बिणीत हाताचा कंपही जास्त जाणवतो आणि उडता सुरय चौकटीत पकडणं अवघड जातं.

जूनच्या सुरुवातीला सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो. सव्वापाचला जागेवर असा. सकाळी पूर्वेच्या काठावर बसून पश्चिमेकडे पाहा, संध्याकाळी उलट. सूर्य पाठीशी नसला तर पक्षी नुसता काळा दिसतो. नऊनंतर रेतीवरची हवा थरथरू लागते. मग महागडी दुर्बीणही उपयोगाची नाही, घरी जावं.

गोरेवाडा तलावावरची हिवाळ्यातली बदकं गेली. आता काय पाहायचं? (काटोल रोड, नागपूर)

इथलेच रहिवासी पाहा, कारण त्यांचा विणीचा पोशाख याच दिवसांत खुलतो. एरवी मातकट दिसणाऱ्या ढोकरीची पाठ गडद तांबूस होते. गायबगळ्याचं डोकं आणि मान नारिंगी होते, लहान बगळ्याच्या डोक्यामागे दोन लांब पिसं येतात. हळदी-कुंकू बदक आणि टिबुकली आहेतच. जूनच्या सुरुवातीपासून काठच्या झुडपांत कान देऊन चातक ऐका: काळा-पांढरा, डोक्यावर तुरा.

खिंडसी तलावाच्या चिखलात ठसे दिसतात. पाणमांजराचे कसे ओळखावेत? (रामटेक)

आधी बोटं मोजा. कुत्रा, बिबट, वाघ यांच्या ठशात चार बोटं उमटतात, पाणमांजराच्या ठशात पाच. मऊ चिखलात बोटांमधल्या पडद्याची पुसट खूण दिसते, कधी दोन्ही बाजूंच्या पावलांमध्ये शेपटी घासल्याची रेघही असते. मुंगूस आणि उदमांजर यांनाही पाच बोटं असतात, पण त्यांचे ठसे बरेच लहान आणि पडद्याविना.

एकट्या ठशावर निष्कर्ष काढू नका, विष्ठा शोधा. पाणमांजरं काठावरच्या ठरावीक खडकावर पुन्हा पुन्हा विष्ठा करतात. तीत माशांचे खवले, काटे आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे असतात, मासळीचा वासही येतो. जवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पात मऊ केसांचं पाणमांजर आहे. ते कळपाने राहतं, त्यामुळे ठसे बहुधा अनेकांचे आणि एकाच दिशेने जाणारे मिळतील.

फोटो बरोबर वरून घ्या, शेजारी सेंटिमीटरची पट्टी ठेवून. सकाळच्या तिरक्या उन्हात कडा ठळक येतात. वाळून भेगा पडलेला ठसा मोजू नका, त्याचं माप बदललेलं असतं. जंगलालगतच्या काठावर पहाटे एकट्याने फिरू नका, तिथे पाण्यावर बिबटही येतो. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत तर पायी उतरायला परवानगीच नाही. गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं, तेव्हा पेंचची सफारी जूनमध्येच उरका.

पहिल्या वळवानंतर तलावात मासे वर येऊन तोंड उघडत होते, काही मेले. बगळे, घारी तुटून पडल्या. कोणी विष घातलं असेल का? (पारशिवनी)

बहुतेक वेळा प्राणवायू कमी पडलेला असतो. उन्हाळ्यात वर गरम आणि खाली गार पाण्याचे थर होतात, तळाच्या थरात प्राणवायू जवळजवळ उरत नाही. वादळी पाऊस आला की थर ढवळले जातात आणि तळाचं पाणी वर येतं. रात्रभर शेवाळही प्राणवायू वापरतं, त्यामुळे सर्वांत वाईट वेळ पहाटेची.

ओळखण्याची खूण सोपी आहे. मरळ आणि मागूर हवेतूनही श्वास घेतात. रोहू-कटला मेले आणि हे दोघे तगले, तर प्राणवायूची टंचाई धरा. मरळ, मागूर आणि बेडूकही मेले असतील, तर विषाचा संशय घ्या. वेळ आणि मेलेल्या जाती लिहून, फोटोंसह मत्स्यव्यवसाय विभागाला कळवा. कारण कळेपर्यंत त्यातला एकही मासा खायला नेऊ नका, गुरांनाही त्या पाण्यावर सोडू नका.